पुरुषांच्या रिपोर्टमधले शब्द : नागपूरच्या दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धंतोली-रामदासपेठेत तपासणी होते, रिपोर्ट इंग्रजीत छापून हातात पडतो आणि मग तो समजून घ्यायला माणूस आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतो. मधल्या रात्री त्यानं मोबाइलवर एकेक शब्द शोधलेला असतो आणि घाबरून अर्धा झालेला असतो. माझा अनुभव असा की पुरुषांच्या जननेंद्रियांबद्दलचे भारदस्त शब्द बहुतेक वेळा किरकोळ निघतात, आणि जे खरोखर तातडीचं असतं त्याला लोक "होईल बरं" म्हणून दोन दिवस घरीच काढतात. लोक विचारतात तसेच प्रश्न खाली घेतले आहेत. विचारणाऱ्यांची ओळख कुठेही ठेवलेली नाही.

वृषण, अंडकोष, टेस्टिस, स्क्रोटम हे सगळं एकच ना?

नाही. आत ज्या दोन गोळ्या हाताला लागतात ते वृषण, म्हणजे रिपोर्टमधले टेस्टिस. त्यांना बाहेरून धरणारी कातडीची पिशवी म्हणजे वृषणकोश, म्हणजे स्क्रोटम. बोलताना लोक दोन्हीला अंडकोष म्हणतात आणि गडबड तिथेच होते. "अंडकोष सुजला" म्हटलं की मला आधी विचारावं लागतं, कातडी सुजली की आतली गोळी? कातडी सुजते ती खाजेनं, ऍलर्जीनं, कधी किडनी किंवा हृदयाच्या आजारात अंगावर आलेल्या पाण्यानं. गोळी सुजली तर तो वेगळाच मामला असतो.

शिश्न म्हणजे पेनिस, त्याचं पुढचं टोक शिश्नमुंड म्हणजे ग्लान्स, आणि त्यावरची मागेपुढे होणारी कातडी म्हणजे फोरस्किन किंवा प्रेप्यूस. वृषणाला आपल्याकडे गोटी म्हणतात, आंड म्हणतात, तेही चालतं, डॉक्टरला कळतं. चालत नाही ते "खाली दुखून राहिलं". एवढ्यावरून समोरचा माणूस मूळव्याध दाखवायला आला की लघवीची जळजळ, काही समजत नाही.

डावी गोळी उजवीपेक्षा खाली लोंबते. काही बिघाड आहे का?

नाही. बहुतेकांची तशीच असते.

रिपोर्टमध्ये एपिडिडिमिस, कॉर्ड, वास असं लिहिलं आहे. हे कुठे असतं?

शुक्राणूंचा रस्ता एकदा नजरेसमोर आला की निम्मा रिपोर्ट आपोआप उलगडतो. वृषणाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यांत शुक्राणू तयार होतात. एका खेपेला साधारण ७४ दिवस लागतात. तिथून ते एपिडिडिमिसमध्ये जातात. मराठी पुस्तकांत याला अधिवृषण म्हणतात. गोळीच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं तर जी मऊ, लांबट कड लागते ती हीच. पुष्कळ पोरं ही कड चाचपून "गाठ आली" म्हणून धावत येतात. ती गाठ नसते, गुंडाळलेली नळी असते आणि उलगडली तर जवळपास ६ मीटर भरेल. शुक्राणूंना पोहण्याचं बळ येतं ते तिथे.

एपिडिडिमिसपासून पुढची नळी म्हणजे वास डेफरन्स, शुक्रवाहिनी. नसबंदीत कापतात ती हीच. ती एकटी जात नाही. रक्ताच्या नळ्या आणि चेतातंतू मिळून एक दोर होतो, तो स्पर्मॅटिक कॉर्ड. जांघेतून पोटात शिरल्यावर शुक्रवाहिनी मूत्राशयाच्या मागे जाते, तिथे सेमिनल व्हेसिकल म्हणजे शुक्राशयाची वाहिनी तिला मिळते आणि मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीमधून जाऊन ती मूत्रमार्गात उघडते. तिथून पुढे लघवीचा आणि वीर्याचा रस्ता एकच.

बायोप्सीच्या कागदावर लेडिग सेल आणि सर्टोली सेल ही नावं दिसतील. जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ लेडिग यांनी १८५० मध्ये आणि इटलीच्या एन्रिको सर्टोली यांनी १८६५ मध्ये या पेशींचं वर्णन केलं, म्हणून ती नावं. लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवतात, सर्टोली पेशी वाढत्या शुक्राणूंना पोसतात.

सीमेन ऍनालिसिसचा रिपोर्ट कसा वाचायचा?

सीमेन ऍनालिसिस म्हणजे वीर्याची तपासणी. वाचायची वरून खाली, एकेक ओळ.

पहिली ओळ असते ऍबस्टिनन्स, म्हणजे नमुना देण्याआधी किती दिवस वीर्यपतन झालेलं नव्हतं. हे २ ते ७ दिवस असावं. त्याहून कमी किंवा जास्त असेल तर पुढच्या आकड्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही, तपासणी पुन्हा करावी.

मग व्हॉल्यूम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा १.४ मिलि. लोकांना हे कमी वाटतं, कप भरायला हवा अशी समजूत असते. कमी भरण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे थोडा नमुना डब्याबाहेर सांडला आणि संकोचापायी कोणाला सांगितलं नाही. सांगा. लॅबवाल्याला त्यात काही नवीन नसतं.

लिक्विफॅक्शन म्हणजे घट्ट वीर्य पातळ व्हायला लागणारा वेळ, बहुधा अर्ध्या तासाच्या आत, एका तासापर्यंत ठीक. त्याखाली फ्रुक्टोज पॉझिटिव्ह लिहिलेलं असतं. फ्रुक्टोज ही साखर, म्हणून एक गृहस्थ मला विचारते झाले की "डॉक्टरसाहेब, शुगर निघाली का?" बायकोनं सकाळच्या चहातली साखर बंदही केली होती. या साखरेचा मधुमेहाशी काही संबंध नाही. शुक्राशयातून येणारा हा पदार्थ आहे आणि तो असणं चांगलं. तो नसेल, वीर्यही कमी असेल आणि शुक्राणू शून्य असतील, तर नळी बंद असल्याचा किंवा जन्मतःच नसल्याचा संशय येतो.

मग मुख्य आकडे. एका मिलिमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा, संपूर्ण नमुन्यात ३ कोटी ९० लाख. मोटिलिटी म्हणजे हालचाल. एकूण हलणारे ४२ टक्के, आणि सरळ पुढे जाणारे ३० टक्के. मॉर्फोलॉजी म्हणजे आकार. इथे नॉर्मल ४ टक्के लिहिलेलं पाहून माणूस हादरतो, कारण शाळेत ३५ ला पास होतात हे त्याच्या डोक्यात असतं. या विषयात ४ म्हणजे पास. निरोगी बापांच्या वीर्यातही बहुतेक शुक्राणूंची डोकी, शेपट्या वाकड्यातिकड्या असतात.

हे आकडे ठरवले कसे, तर ज्यांच्या बायकोला वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून त्यांतल्या सर्वांत खालच्या ५ टक्क्यांची रेघ आखली. म्हणजे रेघेखाली असलेला माणूसही बाप झालेला आहे. एका रिपोर्टवर काही ठरवू नये, थोड्या आठवड्यांच्या अंतरानं दुसरा करावा. आणि नमुना घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवा, डबी खिशात अंगाजवळ ठेवा. मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत ठेवलेल्या डबीचा रिपोर्ट मी पाहिला आहे. सगळे शुक्राणू निपचित. साधा निरोधही नमुन्यासाठी वापरू नका, त्याच्यावरचं वंगण शुक्राणूंना मारतं.

ऑलिगो, अस्थेनो, टेराटो... हे एवढं मोठं नाव कसलं?

तीन तक्रारी एकत्र लिहिल्या आहेत, बस. ऑलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल मंद, टेराटो म्हणजे आकार बिघडलेला. तिन्ही असले की ऑलिगोअस्थेनोटेराटोझूस्पर्मिया, ज्याला डॉक्टर आपसांत ओएटी म्हणतात. सगळं ठीक असेल तर नॉर्मोझूस्पर्मिया, आणि हा शब्दही लांबलचक असल्यामुळे लोक त्यालाही घाबरतात. हे आजाराचं नाव नाही, आकड्यांचं वर्णन आहे. कारण वेगळं शोधावं लागतं.

अझूस्पर्मिया आला. आता मूल होणारच नाही का?

अझूस्पर्मिया म्हणजे नमुन्यात एकही शुक्राणू दिसला नाही. यंत्रात फिरवून तळाचा साकाही तपासला का, हे आधी विचारा. तोही रिकामा असेल तर प्रश्न एकच, कारखाना चालू आहे आणि रस्ता बंद, की कारखानाच थंड? पहिल्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह म्हणतात, दुसऱ्याला नॉन-ऑब्स्ट्रक्टिव्ह. गोळ्यांचा आकार आणि रक्तातलं एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारं संप्रेरक, यावरून अंदाज येतो. एफएसएच खूप वाढलेलं आणि गोळ्या लहान, तर दुसरा प्रकार बहुधा. मग गुणसूत्रांची तपासणी सांगतात, त्यात कधी क्लाइनफेल्टर निघतो, म्हणजे एक जादा एक्स गुणसूत्र.

रस्ता बंद असेल तर वृषणातून सुईनं शुक्राणू काढता येतात, त्याला टेसा म्हणतात. दुसऱ्या प्रकारातही सूक्ष्मदर्शकाखाली शोधून काहींना मिळतात. मिळालेला एकेक शुक्राणू बीजांडात टोचणं म्हणजे इक्सी, हे १९९२ पासून जगात होतं आहे. हे खर्चाचं काम आहे आणि खात्रीचं नाही. पण कारण शोधायच्या आधी "शक्यच नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आणि "तीन महिन्यांचा कोर्स घ्या, शंभर टक्के" म्हणणाऱ्यावर तर अजिबात नाही.

जिममधल्या मुलांसाठी इथेच सांगतो. अंग भरावं म्हणून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतली की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे आणि तो वृषणाला काम थांबवायला सांगतो. गोळ्या आकसतात, शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. इंजेक्शनं बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण त्यात महिने जातात, कधी वर्षही जातं.

नपुंसकत्व आणि वंध्यत्व एकच का?

मुळीच नाही, आणि या घोळानं घरं मोडताना पाहिली आहेत. ताठरता न येणं किंवा न टिकणं याला इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणतात, लोक त्याला नपुंसकत्व म्हणतात. मूल न होणं हे वंध्यत्व. शुक्राणू शून्य असलेल्या माणसाचं लैंगिक जीवन अगदी ठणठणीत असू शकतं, आणि ताठरतेची अडचण असलेल्याचे शुक्राणू उत्तम असू शकतात. सासरी "पोरगा नपुंसक आहे" म्हणून बोभाटा होतो, तेव्हा हातात असतो तो फक्त ऑलिगोस्पर्मियाचा कागद.

ताठरतेबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. चाळिशीनंतर ही तक्रार नव्यानं सुरू झाली तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल आणि हृदय तपासून घ्या. शिश्नाच्या धमन्या बारीक असतात, त्या हृदयाच्या धमन्यांच्या आधी बोलतात. आणि छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरी नायट्रेटची गोळी चालू असेल तर सिल्डेनाफिल ही ताठरतेची गोळी घेऊ नका, रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. मेडिकल स्टोअरवाला मित्र आहे म्हणून विचारून आणलेली गोळी इथे महागात पडते.

नागपूरच्या उन्हानं शुक्राणू मरतात का?

नवतपा सुरू झाला की हा प्रश्न येतोच. वृषण शरीराबाहेर पिशवीत आहेत ते यासाठीच, त्यांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंडावा लागतो. बाहेर ४५ अंश असलं तरी घाम येतो, पिशवी सैल होऊन खाली येते आणि शरीर आपली सोय करतं. एखाद्या उन्हाळ्यानं मूल थांबत नाही.

खरी अडचण सतत आणि जवळून लागणाऱ्या उष्णतेची. हिंगण्याच्या एमआयडीसीत भट्टीसमोर उभा राहणारा, वाडीहून ट्रक घेऊन निघून दहा-बारा तास इंजिनाजवळच्या सीटवर बसणारा, यांचे रिपोर्ट मी जरा सावधपणे पाहतो. आणि ताप. डेंग्यू, टायफॉइडनंतर काही आठवडे शुक्राणू घटतात आणि दोन-तीन महिन्यांत सावरतात. म्हणून मोठ्या तापानंतर लगेच सीमेन तपासणी करून स्वतःला त्रास करून घेऊ नये.

हायड्रोसील, व्हेरिकोसील, हर्निया यांत फरक काय?

शेवटी सील आलं की फुगवटा समजा. हायड्रो म्हणजे पाणी, व्हेरिको म्हणजे फुगलेल्या शिरा, स्पर्मॅटोसील म्हणजे शुक्राणू असलेल्या द्रवाची छोटी पिशवी, हिमॅटोसील म्हणजे मारानंतर साचलेलं रक्त.

हायड्रोसीलला आपल्याकडे अंडवृद्धी म्हणतात आणि विदर्भात त्याची वेगळी कथा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा फायलेरियाचा पट्टा. लोकांना फायलेरिया म्हणजे हत्तीपाय एवढंच ठाऊक असतं, पण पुरुषांत तो जास्त करून अंडवृद्धीच्या रूपात दिसतो. क्युलेक्स डास चावतो, वुचेरेरिया नावाचा कृमी लसवाहिन्यांत घर करतो, आणि पाणी साचायला वर्षं लागतात. या जंतूची पिल्लं रक्तात रात्री फिरतात, म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री उशिरा बोटातून रक्त घ्यायला येतात. लोक त्यांच्यावर चिडतात, पण दिवसा घेतलेल्या रक्तात ती सापडतच नाहीत. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगावर अनेक वर्षं संशोधन झालं आहे. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडॅझोल अशा तीन औषधांची मोहीम सुरू झाली. वाटपाच्या गोळ्या खिशात घालून नंतर नालीत टाकू नका. मात्र साचलेलं पाणी गोळ्यांनी जात नाही, त्याला ऑपरेशन लागतं आणि ते सरकारी रुग्णालयातही होतं. सुईनं पाणी काढून घेतलं तर ते पुन्हा भरतं, वर जंतुसंसर्गाचा धोका.

तपासणी साधी आहे. खोलीतला दिवा बंद करायचा, सुजेच्या मागून टॉर्च लावायचा. पाणी असेल तर सगळी पिशवी लालसर उजळते आणि त्यात वृषणाची काळी सावली दिसते. हर्नियात आतडं असतं, ते बहुधा उजळत नाही. खोकलल्यावर हर्निया बोटाला धक्का देतो, आडवं पडल्यावर पोटात परत जातो आणि त्याच्या वरच्या कडेला बोटांची चिमूट पोचत नाही, कारण तो वरूनच आलेला असतो. मराठीत हर्नियाला अंतर्गळ म्हणतात. तो अडकला, दुखू लागला, उलट्या सुरू झाल्या तर त्याच रात्री रुग्णालय गाठायचं.

व्हेरिकोसील बहुतेक डाव्या बाजूला. डावी शीर किडनीच्या शिरेला जवळजवळ काटकोनात मिळते, लांबही असते, त्यामुळे रक्त तुंबतं. उभं राहून हात लावला तर पुस्तकांत म्हणतात तशी गांडुळांची पिशवी लागते. शंभरांतल्या सुमारे १५ पुरुषांना हे असतं आणि त्यांतल्या पुष्कळांना मुलंबाळं व्यवस्थित होतात. रिपोर्टमध्ये ग्रेड वन, तेही फक्त डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दिसलेलं, एवढ्यावरून ऑपरेशनची तारीख घेऊ नये. हाताला लागणारं व्हेरिकोसील, बिघडलेला सीमेन रिपोर्ट आणि मूल हवं असणं, हे जुळलं तर सर्जनशी बोला. उजवीकडे एकट्यानं आलेलं किंवा आडवं पडूनही न ओसरणारं व्हेरिकोसील असेल तर पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

"पोट्ट्याची गोटी वर चढली" म्हणजे काय?

एकाच वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांतली एक रात्रीची रात्रीच पाहावी लागते.

थंडीत किंवा भीतीनं गोळी वर जाते आणि गरम पाण्यानं अंघोळ घालताना खाली येते, हा रिट्रॅक्टाइल टेस्टिस. बहुधा काही करायचं नसतं, वर्षातून एकदा दाखवत राहावं.

जन्मापासूनच पिशवी रिकामी असेल तर अनडिसेंडेड टेस्टिस, मोठं नाव क्रिप्टॉर्किडिझम. पूर्ण दिवसांच्या शंभरांत साधारण तिघा मुलांत हे दिसतं, पुष्कळांची गोळी पहिल्या काही महिन्यांत उतरते. सहा महिन्यांनंतर ती आपोआप उतरण्याची आशा जवळपास संपते. ऑपरेशनचं नाव ऑर्किडोपेक्सी, आणि ते ६ ते १८ महिन्यांच्या दरम्यान व्हावं. "मोठा झाला की उतरेल" असं म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. लग्नाच्या वयात समजलेल्या मुलांचे रिपोर्ट पाहताना तिचा राग येतो. ऑर्किस हे वृषणाचं ग्रीक नाव, बागेतल्या ऑर्किडलाही त्याच्या जोडगोळी कंदावरूनच ते मिळालं आहे.

तिसरी गोष्ट टॉर्शन. गोळीच्या दोराला पीळ पडतो आणि रक्त बंद होतं. बारा ते अठरा वर्षांचा मुलगा, अचानक भयंकर दुखणं, बहुधा मळमळ-उलटी, गोळी वर ओढलेली. कधी तो लाजेपायी "पोट दुखते" एवढंच सांगतो, म्हणून पोटदुखीच्या पोराची चड्डी काढून पाहावी असं आम्हाला शिकवलेलं असतं. ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर गोळी बहुधा वाचते, दिवस उलटला तर क्वचितच. सोनोग्राफीची अपॉइंटमेंट, सकाळची ओपीडी, ओळखीचे डॉक्टर, यासाठी थांबायचं नाही. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं किंवा जे जवळ असेल त्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठा. सूज इन्फेक्शनची असेल, म्हणजे एपिडिडिमो-ऑर्कायटिस, तर ती हळूहळू वाढते, ताप येतो, लघवीला जळजळतं. पण या वयात आधी टॉर्शन नाही हे ठरवायचं आणि मग अँटिबायोटिक.

मुलाला सिकलसेल आहे. त्याचा याच्याशी काय संबंध?

विदर्भात हा प्रश्न विचारायलाच हवा, आणि विचारला फार कमी जातो. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. त्याचे एसएस रुग्ण, म्हणजे आईबाप दोघांकडून दोष आलेले, त्यांतही किशोरवयीन मुलं, कधी पहाटे दुखऱ्या ताठरतेनं जागी होतात. इच्छा नसते, थांबत नाही. याला प्रायापिझम म्हणतात. विळ्यासारख्या झालेल्या पेशी शिश्नातल्या पोकळीत अडकतात आणि रक्त बाहेर जात नाही. थोड्या वेळानं उतरलं तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं. ४ तासांवर गेलं तर आणीबाणी, कारण आतली ऊती मरते आणि पुढे ताठरता कायमची जाऊ शकते. मुलगा आईला सांगत नाही, बापाला तर नाहीच. म्हणून सिकलसेलचं कार्ड असलेल्या घरात वडिलांनी किंवा मामानं हे आधीच एकदा बोलून ठेवावं.

फायमोसिस म्हटलं आहे. सुंता करावीच लागेल का?

फायमोसिस म्हणजे फोरस्किन मागे न जाणं. लहान मुलात ते नैसर्गिक आहे. अंघोळीच्या वेळी ओढून "मोकळी" करू नका, चिरा पडून खऱ्या अर्थानं चिकटते. बहुतेकांची वयात येईपर्यंत सुटते. लघवी करताना कातडी फुगते, वारंवार सूज येते, तेव्हा आधी मलम आणि मग गरज पडली तर ऑपरेशन. मोठ्या माणसात नव्यानं फायमोसिस आला, कातडीला उभ्या चिरा पडल्या, तर मी पहिली शुगर तपासतो आणि बरेचदा ती निघते.

पॅराफायमोसिस ऐकायला भावकीतला वाटतो, पण तो तातडीचा. मागे गेलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजत जातं. लघवीची नळी घातल्यावर कातडी परत पुढे आणायची राहून गेली, हे त्याचं नेहमीचं कारण. घरी म्हातारे वडील नळीवर असतील तर रोज पाहा.

हायपोस्पाडियास म्हणजे लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला. अशा बाळाची सुंता करू नये, दुरुस्तीला तीच कातडी लागते.

नसबंदीनं ताकद जाते का?

पोळ्याच्या बैलावरून हा गैरसमज आला आहे असं माझं मत. बैल बडवताना बर्डिझो चिमट्यानं सगळा दोर चिरडतात, रक्तपुरवठा थांबतो, गोळ्या सुकतात. ते खच्चीकरण. व्हॅसेक्टमीत फक्त शुक्रवाहिनी कापून बांधतात, रक्ताच्या नळ्यांना हात लावत नाहीत. टेस्टोस्टेरॉन रक्तातून जातं, ते चालूच राहतं. वीर्यात शुक्राणूंचा वाटा २ ते ५ टक्केच, बाकी शुक्राशय आणि प्रोस्टेटचं पाणी, त्यामुळे दिसण्यातही फरक पडत नाही. आणीबाणीतल्या जबरदस्तीमुळे या शब्दाची दहशत अजून जुन्या लोकांत आहे, ती समजू शकतो.

एनएसव्ही म्हणजे बिनटाक्याची पद्धत, चीनमधल्या ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये काढलेली. ऑपरेशननंतर पुढच्या नळीत शुक्राणू उरलेले असतात, म्हणून ३ महिने निरोध वापरायचा आणि सीमेन तपासून शून्य आल्यावरच तो सोडायचा. ही तपासणी टाळणाऱ्यांच्या घरी पाळणा हलतो आणि संशय बायकोवर येतो.

लघवीतून धातू जाते. अशक्तपणा त्यानंच आहे ना?

नाही. लघवीत दिसणारा पांढरा साका बहुधा फॉस्फेटचा असतो, शौचाला जोर दिल्यावर येणारा चिकट थेंब प्रोस्टेटचा, आणि स्वप्नात होणारं पतन नैसर्गिक. यामागच्या घाबरेपणाला १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी धात सिंड्रोम हे नाव दिलं. त्रास खरा असतो, थकवा खरा असतो, कारण वेगळं असतं. भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती याच भीतीवर चालतात. लघवीला जळजळ किंवा पू असेल तर मात्र तपासा.

वडिलांचा पीएसए वाढला आहे. कॅन्सर का?

पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत बनणारं प्रथिन, ते रक्तात मोजतात. वयानं ग्रंथी वाढली तरी, संसर्ग झाला तरी, लघवी तुंबून नळी घातली तरी आकडा चढतो. ४ ही नेहमीची रेघ, पण लघवीच्या संसर्गात केलेल्या तपासणीवर विश्वास ठेवू नका, बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा. उलट, प्रोस्टेट आकसवणारं फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर आकडा निम्मा दिसतो, ते डॉक्टरांना सांगा.

बीपीएच म्हणजे साधी वाढ, कॅन्सर नाही. तरुणपणी सुमारे २० ग्रॅमची असलेली ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. धार बारीक, रात्री तीनदा उठणं, थेंब थेंब. ग्रंथीच्या आकारापेक्षा लघवी केल्यावर आत किती उरते, हा पीव्हीआरचा आकडा मी आधी पाहतो. लघवीचा रस्ता सैल करणारी टॅमसुलोसिनची गोळी रात्री घ्यायची, सुरुवातीला उठताना चक्कर येऊ शकते. टर्प म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेला भाग खरवडणं. त्यानंतर बऱ्याच जणांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, त्याला रेट्रोग्रेड इजॅक्युलेशन म्हणतात. अपाय नाही, पण आधी सांगितलेलं नसलं की काकांची झोप उडते.

गोळीत कडक गाठ लागते, दुखत मात्र नाही.

दुखत नाही म्हणूनच दाखवा. वृषणाचा कॅन्सर जास्त करून १५ ते ३५ या वयात येतो. सोनोग्राफी आणि रक्तातले तीन मार्कर, एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच, एवढं लगेच होतं. पिशवीतून सुई घालून तुकडा काढू देऊ नका, गोळी जांघेतून काढायची असते. लवकर सापडला तर हा बरा होणाऱ्या कॅन्सरपैकी एक. केमो सुरू व्हायच्या आधी शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल विचारा.

सोनोग्राफीला बाई डॉक्टर असल्या तर? आणि पाणी पिऊन जायचं का?

नागपुरात पुष्कळ रेडिओलॉजिस्ट स्त्रिया आहेत आणि त्यांच्यासाठी हे रोजचंच काम. नकोच वाटत असेल तर नंबर लावतानाच काउंटरवर सांगा, आत जाऊन परत फिरू नका. वृषणाच्या सोनोग्राफीला पाणी प्यायची गरज नाही, सैल पायजमा घालून जा. प्रोस्टेटच्या सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, आणि पहिली तपासणी झाली की लघवी करून परत आत यायचं असतं. ते पीव्हीआरसाठी. लघवी केली म्हणजे झालं असं समजून लोक तिथूनच घरी निघून जातात.